जांभळीवरचा स्टे

अशिलापासून मी एक निरोप लपवला होता, हे आधीच सांगून टाकतो.

ठाण्याच्या कोर्टाच्या व्हरांड्यात दामूशेठ माझ्यासमोर उभे होते. ते प्रतिवादी, म्हणजे ज्यांच्यावर आम्ही दावा लावला होता ते. माझे अशील हसनचाचा त्यांचे शेजारी. दोघंही तळवलीचे. चाचांच्या अंगणातली जांभूळ दामूशेठच्या पत्र्यावर वाकली होती.

"वकीलसाहेब, आता एकच फांदी घासते पत्र्याला," दामूशेठ म्हणाले. "तेवढी काढू द्या, बाकी झाडाला हात लावनार नाय. हसनभायला सांगा माजा निरोप."

"सांगतो," मी म्हणालो, आणि सांगितलं नाही.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. वाशीत मी नुकतंच ऑफिस थाटलं होतं. चेकबाउन्स आणि भाडेकरार सोडले तर हातात काही नव्हतं. हा पहिला खरा दावा. तो पहिल्याच तारखेला मिटावा, असं मला वाटत नव्हतं.

कायदा तसा सोपा आहे. शेजाऱ्याच्या झाडाची फांदी आपल्या हद्दीत आली, तर हद्दीपुरती छाटता येते. त्यासाठी त्याच्या आवारात शिरता येत नाही आणि झाडाला इजा करता येत नाही. दामूशेठच्या मुलाने नेमकं तेच केलं होतं. करवत घेऊन तो सरळ चाचांच्या बाजूने झाडावर चढला आणि एक फांदी बुंध्यापासून उतरवली. चाचांचा राग फांदीसाठी नव्हताच. "इचारला असता तर मीच शिडी धरली असती," ते म्हणायचे.

कोर्टाने 'जैसे थे' आदेश दिला. पुढच्या तारखेपर्यंत झाडाचं काहीही तोडायचं नाही, आणि हे दोन्ही पक्षांना लागू. मी चाचांना एवढंच सांगितलं, "स्टे मिळाला!" त्यांनी पेढे आणले. 'दोन्ही पक्षांना' हे शब्द त्यांना समजावून सांगावेत, असं मला सुचलंही नाही.

मे महिन्यात चाचा घाईघाईने ऑफिसात आले.

"परवा दामूच्या पोरीचा मांडव हाय. डहाळी द्यायचीय. द्यावी ना?"

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. दामूशेठच्या घरात लग्न असलं, की मांडवावर पहिली डहाळी त्याच जांभळीची चढते, आणि ती चाचांच्या घरच्याने आपल्या हाताने तोडून द्यायची. दोघांच्या आजोबांपासून असंच चालत आलेलं. भांडण झालं म्हणून पोरीचा मांडव चाचांच्या डहाळीशिवाय उभा राहणार, ही कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती.

"नाही देता येणार, चाचा. कोर्टाचा आदेश मोडल्यासारखं होईल."

"माज्या झाडाची डहाळी मी देऊ शकत नाय?"

"नाही."

"मंग हा स्टे कोनाचा हाय? माजा का तुमचा?"

मार्ग एकच होता, तडजोड पुरसीस. म्हणजे दोघांनी सही करून 'आमचं मिटलं' असं कोर्टाला लिहून द्यायचं. कोर्टाला उन्हाळी सुट्टी होती, पण तातडीच्या कामाला एक जज बसत. दामूशेठना तळवलीच्या किराणा दुकानात फोन करून निरोप ठेवला. दुसऱ्या दिवशी दोघं माझ्या आधी कोर्टात हजर. बाकाच्या दोन टोकांना, तोंडं विरुद्ध दिशेला.

मी मसुदा लिहीत होतो. मागून आवाज येऊ लागले.

"तुजा पोरगा माकड हाय."

"तुजी फांदी माज्या पत्र्यावर रातभर नाचते, ती कोन हाय?"

"जांभळा गुपचूप खातोस तवा गोड लागते ती!"

"आंबट हायेत तुजी जांभळा."

"मंग तुज्या घरच्या पोरांच्या जिभा निळ्या कशा?"

दामूशेठ हसले. मग चाचाही हसले. मी वर पाहिलं तेव्हा दोघं बाकाच्या मध्यावर आले होते.

जजसाहेबांनी पुरसीस वाचली. फळं संपली की पत्र्यावरची फांदी दामूशेठनी चाचांना विचारून काढायची. मांडवाची डहाळी उद्या द्यायला हरकत नाही. त्यांनी ती मंजूर केली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"वकीलसाहेब, लग्नाचं आमंत्रण कोर्टालाही आहे का?"

मांडवाच्या दिवशी मी तळवलीला गेलो. चाचा पांढरा सदरा घालून शिडीवर, खाली शिडी धरून दामूशेठचा तोच मुलगा. डहाळी खाली आली तशी बायकांनी गाणं उचललं. नवरीने पळत येऊन ती चाचांच्या हातातून घेतली आणि त्यांच्या पाया पडली. चाचांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

जेवायला आम्ही तिघं शेजारी बसलो. दामूशेठ सहज म्हणाले, "पहिल्या तारखेलाच निरोप धाडला होता, हसनभाय. एक फांदी, बस."

चाचांचा घास हातातच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दामूशेठच्या ध्यानात आलं असावं. माणूस मोठ्या मनाचा. "कामाच्या गडबडीत राहून गेला असंल वकीलसाहेबांकडून," ते म्हणाले आणि माझ्या पानात भाकरी वाढली.

हो म्हणून सुटता आलं असतं. आज समोरच्याचा निरोप मी त्याच दिवशी पोचवतो. त्याने दावे कमी झाले, जेवणाची आमंत्रणं मात्र वाढली. पण ही शहाणीव नंतरची. त्या पंगतीत मी पानावरचा हात काढला आणि म्हणालो, "राहून गेलं नाही, दामूशेठ. चाचा, मी मुद्दाम सांगितलं नाही. दावा लगेच मिटू नये असं मला वाटत होतं. माझं चुकलं. तुमच्या दोघांची माफी मागतो."