मालतीताईंची सकाळची शाळा आणि माझा अर्ज

मालतीताई इंगोले यांना मी प्रथम पाहिलं ते कामरगावच्या आमच्या शाळेत रुजू झालो त्या सकाळी. कवायतीत पाय चुकणाऱ्या एका मुलीचा हात धरून त्या स्वतः तिच्यासोबत चालत होत्या. त्या क्रीडाशिक्षिका, मी गणिताचा. पुढे अनेक वर्षं आम्ही एकत्र काम केलं. त्यांच्या साठीनिमित्तच्या या गौरवग्रंथात माझा लेख असावा, असं संपादकांना वाटलं. लिहिताना मान वर होत नाही, त्याचं कारण सांगतो.

निवृत्तीनंतर ताईंनी समाजमंदिराच्या अंगणात वृद्धांसाठी रोज सकाळी वर्ग सुरू केला. जमिनीवर आखलेल्या पांढऱ्या फक्कीच्या रेघेवरून पावलापुढे पाऊल ठेवत चालायचं आणि चालतानाच महिने उलटे म्हणायचे, नाहीतर कारंजा शहरापर्यंतच्या वाटेवरची गावं ओळीने सांगायची. ताई समजावून सांगत, "घरात पडतो तवा आपन नुसतं चालत नसतो. हातात भांडं असते, कोनी आवाज देते, ध्यान तिकडं जाते. पायाले अन् डोक्याले संगंच काम कराची सवय लागली पायजे."

माझी आई आनंदाने जायची. एकदा जाता-जाता मी पाहिलं : आई रेघेवर डुलत होती, महिने चुकत होती आणि सगळे हसत होते. तीही हसत होती, हे मला तेव्हा दिसलं नाही. मास्तराच्या आईचं हसं होतंय, एवढंच डोक्यात बसलं. मी तिचं जाणं बंद केलं. 'वृद्धांची थट्टा चालते, कोणी पडल्यास जबाबदार कोण?' असा निनावी अर्ज ग्रामपंचायतीत टाकला. समाजमंदिराच्या आवाराला कुलूप लागलं. ताईंनी वर्ग स्वतःच्या अंगणात नेला. आईला मी तिथेही जाऊ दिलं नाही.

दोन महिन्यांनी आई दुधाचं पातेलं घेऊन स्वयंपाकघरातून निघाली. फोन वाजला, तिने वळून पाहिलं आणि ती उंबऱ्यावर पडली. खुब्याचं हाड मोडलं. अकोल्याला ऑपरेशन झालं.

घरी आणल्यावर ताई न बोलावता आल्या. डॉक्टरांना विचारून त्या रोज येऊ लागल्या. आधी खाटेवर बसून पाय उचलायचा आणि नातवंडांची नावं घ्यायची, मग वॉकर धरून चार पावलं. एकदा आईने विचारलं, "समाजमंदिरातली शाळा काहून बंद झाली वं, मालती?"

"कोनाले तरी तुमची काळजी वाटली असंन, काकू. त्याचा राग कायले धराचा?"

मी चहाचे कप घेऊन दारात उभा होतो. तेव्हाच बोलायला हवं होतं. मी कप ठेवले आणि बाहेर गेलो.

आज आई काठी टेकत ताईंच्या अंगणात जाते. सोडायला मी जातो आणि फाटकातूनच परततो.

मालतीताई, तो अर्ज माझा होता. काळजीपोटी नव्हे, लाजेपोटी केला होता. मला क्षमा करा. आपणांस निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो आणि गावातली म्हातारी माणसं आपल्या हाताखाली ताठ चालत राहोत. हे वाचल्यावरही मला फाटकाच्या आत येऊ द्यावं असं आपल्याला वाटलं, तर आईच्या मागे रेघेवर उभा राहीन.