शेजारची डावखुरी

खाली पडलेली वस्तू उचलायला आमची शेजारीण कधी वाकायची नाही. शॉपिंगच्या पिशवीतून बटाटा घरंगळला, की डाव्या पायाने अलगद वर उडवून हातात झेलायची. "पाय असताना कमरेला कशाला त्रास, लव्ह?" म्हणायची. दोन हजार सालानंतर नवऱ्याच्या आयटीतल्या नोकरीपायी आम्ही इंग्लंडात रीडिंगला आलो, तेव्हा मी मनातल्या मनात तिचं नाव डावखुरी ठेवलं. वय साठीच्या आसपास, एक गुडघा कायमचा दुखरा, आणि तरी हा तोरा! मला पहिल्या दिवसापासून तिचा हेवा वाटायचा.

कारण ही बाई पगारी फुटबॉलपटू होती. तिच्या तरुणपणी इंग्लंडात बायकांना मोठ्या मैदानांवर खेळायला बंदी, म्हणून ती सरळ इटलीला गेली आणि तिथे पैसे घेऊन खेळली. कपडे वाळत घालता घालता कुंपणापलीकडून हे सगळं सांगायची.

"घरच्यांनी पाठवलं कसं?" मी विचारलं.

"पाठवलं कुणी? मी गेले," म्हणाली, आणि पुढचा टॉवेल झटकायला लागली.

माझा नुसता जळफळाट झाला. नागपूरला मी जिल्ह्याकडून खो-खो खेळायचे. राज्याच्या संघाची निवड होती, नेमकी त्याच दिवशी मला बघायला मंडळी आली. मला कुणी पाठवलं नाही, आणि मी गेले नाही.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण आमची सई शाळेतून आली, की दप्तर टाकून तिच्याच बागेत. जेवताना डावखुरी, झोपताना डावखुरी. एकदा मी मुद्दाम खो-खोचा विषय काढला, तर पोरगी म्हणते, "आई, पण ते तर टॅगच आहे ना, पकडापकडी? बॉल पण नाही त्याच्यात!"

झालं. मी ओढणी कमरेला खोचली, शेजारच्या बागेत गेले आणि सईला म्हटलं, "पकड मला." कपड्यांच्या दोरीचा खांब आणि सफरचंदाचं झाड यांच्यामध्ये तिला अशी झुलवली, की ती रडकुंडीला आली. डावखुरी हातातला चहा विसरून बघत होती.

"पुन्हा दाखव. हळू."

मी हूल दाखवली. खांदा डावीकडे, पाय उजवीकडे.

"विशीत मला हे येत असतं तर..." एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघते, तर बाई दुखऱ्या गुडघ्यानिशी खांबाभोवती एकटीच माझी हूल घोटवतेय! इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

पुढे गुडघ्याने पार दगा दिला आणि ती उत्तरेला बहिणीकडे राहायला गेली. निरोप देताना सई हमसून हमसून रडली. माझेही डोळे भरले. पण ही पोर माझ्यासाठी एवढी रडेल का, हेही मनात आलंच. नंतर काही वर्षांनी डावखुरी वारल्याचा तिच्या बहिणीचा फोन आला.

सई आता क्लबकडून खेळते. गोल डाव्या पायाने मारते, लोक टाळ्या वाजवतात. तो पाय डावखुरीचा, कबूल. पण त्याआधी अंगावर आलेल्या पोरीला ती खांदा एकीकडे, पाय दुसरीकडे करून चकवते, तेव्हा मी एकटीच उभी राहून ओरडते.

डावखुरी त्या वेळी माझ्या शेजारी हवी होती. चांगली जळली असती.