तोंड न झाकणारी मायाक्का

मायाक्काला पाहिलं की लोक आधी नजर वळवत आणि मग चोरून पुन्हा पाहत. त्या चोरट्या नजरेनं तिच्या डोक्यात तिडीक जायची.

वळसंगच्या धनगराची ही लेक लग्न होऊन सोलापुरात आली आणि सुताला रंग देणाऱ्या एका कारखान्यात कामाला लागली. तिथं उकळत्या रंगाची मोठाली भांडी चुलाणावरून उतरवावी लागत. एका भांड्याचा कान खिळखिळा झाला होता. बायकांनी मुकादमाच्या कानावर घातलं, तर तो म्हणाला, चालवून घ्या. मग एके सकाळी ते भांडं कलंडलं आणि उकळता रंग मायाक्काच्या गालावर, गळ्यावर, डाव्या हातावर आला. ती दवाखान्यात विव्हळत पडली होती तोवरच कारखान्यात ठरून गेलं, की बाईचाच पदर अडकला, बाईच धांदरट. भेटायला येणारे नातेवाईकही तेच विचारत, सांडून कसं घेतलंस? जळलं तिचं अंग आणि जाब द्यायचा तोही तिनंच.

दवाखान्यातल्या नर्सबाईनं बजावलं होतं, जखम भरताना कातडी आवळत जाते, दुखलं तरी हात सरळ कर, मान फिरव. पण घरी आल्यावर सासूनं तिचं अंथरूण मागच्या पडवीत टाकलं. जाऊ गरोदर होती, तिच्या नजरेला ही पडायला नको म्हणे. हात धरून सरळ करायला कोणी आलं नाही. मायाक्कानं तो पोटाशी घेतला आणि तो कोपरात वाकला तो कायमचाच. मान एका अंगाला ओढली गेली. नवऱ्यानं दुसरी बायको केली. मायाक्का घरातून निघाली आणि एकटी राहून दारोदार गोवऱ्या विकू लागली. गिऱ्हाईक बाया म्हणत, पदर ओढून घेत जा गं, पोरं भितात. ती ओढून घेत नसे.

असंच एका लिंगायत व्यापाऱ्याच्या घरी गोवऱ्या टाकताना आतून कण्हणं ऐकू आलं. घरच्या सावित्रम्मा म्हणाल्या, काही नाही, पोरीला ताप आहे. शेजारणीनं मात्र खरं सांगितलं. त्यांची हेमावती भजी तळताना कढई उलटून भाजली होती. जमत आलेली सोयरीक मोडली होती आणि बभ्रा नको म्हणून पोरीला आतल्या खोलीत ठेवलं होतं. डॉक्टर सुरुवातीला एकदा येऊन गेला तेवढाच.

मायाक्कानं टोपली तिथंच ठेवली आणि ती सरळ आत शिरली. हेमावती भिंतीकडे तोंड करून पडली होती. जखमा भरत आल्या होत्या, पण हात छातीशी घट्ट आवळलेला. तो पाहून मायाक्काच्या अंगाची लाही लाही झाली.

"हिला दवाखान्यात न्या," ती सावित्रम्मांना म्हणाली. "आजच. हात आखडाय लागलाय."

"टांग्यातून नेलं तर सगळी पेठ बघेल की," सावित्रम्मा रडवेल्या झाल्या. "त्यापेक्षा शिवानं तिला उचललं असतं तर सुटली असती."

"ती सुटली असती का तुमी? भाजली ती, चोरी न्हाय केली तिनं. बघू द्या की पेठंला. माझ्याकडं बघा, मला असंच झाकून ठिवलं हुतं."

आणि तिनं आपला वाकडा हात त्यांच्यापुढे धरला. सावित्रम्मांनी पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. संध्याकाळच्या आत टांगा आला.

दवाखान्यात हाताला फळी बांधली गेली. पुढं घरी मायाक्का रोज येई, तेल लावून कोपर हळूहळू उघडायला लावी. हेमावती किंचाळायची, शिव्या द्यायची, कानडीत आणि मराठीत. मायाक्का ऐकून घ्यायची, पण सुट्टी द्यायची नाही. हेमावतीच्या दुखण्यावर हळहळ करणारे पुष्कळ होते. मायाक्काला हळहळीचाच राग होता, कारण हळहळून झालं की माणसं उठून जातात.

हात पुष्कळ सरळ झाला. दोन बोटं तेवढी वाकडी राहिली, गालावरचा वण राहिला. थोरल्या भावाचं लग्न निघालं तेव्हा घरात ठरलं, की हेमावतीनं त्या दिवशी मागंच थांबावं. हेमावती मात्र नवं लुगडं नेसून मांडवात पुढं येऊन बसली. मामी येऊन कुजबुजली, निदान गाल तरी झाक.

"का?" हेमावती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "मी काय केलंय?"

मामी पाठ फिरवून निघून गेली. पण त्या दिवशी ओवाळायला तिला कोणी बोलावलं नाही, हेही खरं. हेमावतीनं घरी येऊन मायाक्काला ते सांगितलं. ऐकता ऐकता मायाक्का दातओठ खात होती.

पुढच्या पावसाळ्यात गिरणीत वाफेनं भाजलेल्या गुंडा नावाच्या कामगाराची बातमी आली. बायको माहेरी निघून गेलेली, तो जेवत नव्हता, कोणाशी बोलत नव्हता. दोघी त्याच्या दारी गेल्या. त्याच्या आईनं त्यांचे चेहरे पाहिले आणि दार लावून कडी घातली. असली तोंडं पाहून माझा लेक आणखी खचेल, ती आतून म्हणाली.

मायाक्काचा आवाज चढणार तोच हेमावतीनं तिचा हात दाबला. दोघी ओट्यावर बसून राहिल्या. येणारेजाणारे थबकून पाहत होते. दोघींनीही मान खाली घातली नाही. शेवटी आत गुंडाच आईला म्हणाला, "येऊ दे त्यांना. त्यांना ठाव आसंल."

कडी निघाली. आधी हेमावती आत गेली.