नवरीची नक्कल

आमच्या गावात एक फार्स होता. तलवाड्याच्या बाजूला विचारा, म्हाताऱ्या माणसांना अजून आठवतो. एकोणिसाव्या शतकातलं ते छोटं हसायचं नाटक शहरातली माणसं कधीच विसरली. आमच्याकडच्या छापील पुस्तकाला वाळवी लागली, तेव्हा लिहिणाऱ्याचं नावही गेलं. पण जत्रेच्या दुसऱ्या दिवशी तो व्हायचाच, निजामाच्या राज्यातसुद्धा. पुढे जत्रेत ऑर्केस्ट्रा आला आणि फार्स बंद पडला.

गोष्ट साधीच. एक म्हातारा तरुण पोरीशी लग्न करतो आणि ती त्याची चांगलीच जिरवते. पात्रं दोनच. नवरीचं काम आमच्या घरात, नवऱ्याचं वस्तीवरच्या एका मेंढपाळाच्या घरात. बापाकडून मुलाकडे तोंडी यायचं. त्याला नक्कल म्हणत. आपली बोलणी, आणि ती कुठून उचलायची ते कळावं म्हणून समोरच्याचे शेवटचे दोन शब्द, एवढंच. दुसऱ्याची नक्कल पाठ करायची नाही. असला कसला नियम, देव जाणे!

माझ्या वडिलांचं किराणा दुकान होतं. दरवर्षी मिशी काढून ते नवरी व्हायचे. त्यांना मुलगा नव्हता. मी म्हटलं, मला द्या. तर म्हणाले, "पोरीला न्हाई देत नक्कल." पोरीचं काम करायला मिशीवाला चालतो आणि पोरगी चालत नाही! मी कितीतरी दिवस धुमसत होते. पण गूळ फोडताना ते पुटपुटायचे आणि मी पुड्या बांधता बांधता ऐकायची. त्यांना ते कळत होतं का? मला वाटतं, कळत होतं.

गेल्या वर्षी वडील वारले. दिवस झाले आणि मग माझ्या ध्यानात आलं. नवऱ्याची नक्कल येणारा आता एकच माणूस उरलेला, त्या मेंढपाळाच्या घरातला, तोही नव्वदीला टेकलेला. तो गेला की सगळा फार्सच मातीत. मी वही घेऊन वस्तीवर गेले.

काका बाजेवर बसले होते. मी म्हटलं, "काका, तुमची नक्कल सांगा, लिहून घेते."

"काहून लिहायचं? आन् समोरून बोल आल्याबिगर माझं तोंडच उघडत न्हाई. तुझा बाप गेला. आता बोल देणार कोण?"

"मी देते. चोरून ऐकलंय सगळं."

आता शिव्या खाते, असं मला वाटलं. पण काका काठी बाजूला ठेवून म्हणाले, "चल, कर सुरू."

मी पहिलं वाक्य बोलले आणि काय सांगू, म्हातारा ताठ झाला! बोलणं येत गेलं, मी लिहीत गेले. एके ठिकाणी मी घाई केली, तर त्यांनी हात वर केला. "इथं तुझा बाप थांबायचा. लोकांचं हसून होईस्तोवर." आम्ही थांबलो. अंगणात शेरडं बांधलेली होती आणि सून भाकरी थापत होती.

मग तो प्रवेश आला. नवरी मेल्याचं सोंग घेऊन पडते आणि म्हातारा उशाशी बसून गळा काढतो. यावर लोक पोट धरून हसायचे. काकांनी गळा काढला. "मला एकट्याला टाकून कुठं गेलीस गं!" बोलणं संपलं तरी रडणं थांबेना. डोळ्यांतून खरंच पाणी येत होतं.

पुढचं वाक्य माझं होतं आणि ते माझ्याच्यानं बोलवेना. मला माझे वडील हवे होते. खड्ड्यात गेली ती वही, असं झालं. पण मी बोलले नाही तर काकांची नक्कल तिथंच अडणार, आणि पुन्हा त्यांना असं कोण बसवणार?

"बोल की पोरी," काका डोळे न पुसताच म्हणाले. "किती येळ मरून पडायचं?"

मी बोलले. "मेले न्हाई मी. तुमचं रडणं किती खरं हाय, ते बघत होते."

"खरं हाय गं," काका म्हणाले. "लई खरं हाय."

त्यांच्या नकलेतलं शेवटचं बोलणं तेवढंच आहे. मी ते लिहून घेतलं.