पोस्टरवरची शेवंतामावशी

गेल्या मंगळवारी आमच्या डिझाईन कॉलेजच्या भिंतीवर मला माझी शेवंतामावशी दिसली. पोस्टरवर, चांगली तीन फूट उंच. खाली मोठ्या अक्षरांत, इंग्रजीत, तिचं वाक्य... 'माझे पाय रोज भाजतात.'

माझं डोकंच फिरलं. मावशी असं बोलणारी बाईच नाही!

शेवंतामावशी म्हणजे आईची मैत्रीण. आमच्या बालाघाटजवळ वारासिवनीला एका राईस मिलमध्ये कामाला आहे. उकडलेलं धान सिमेंटच्या अंगणात पसरतात आणि पाच बायका दिवसभर त्यात पाय ओढत चालतात, म्हणजे ते खालीवर होऊन सारखं वाळतं. रिसर्च मेथड्सच्या प्रोजेक्टसाठी टीमला तिथे मीच नेलं होतं. मराठी येणारी मी एकटी, म्हणून मुलाखतही मीच घेतली... आणि त्यावरून आम्ही पाय न लावता धान उलटवायचं एक लांब दांड्याचं अवजार बनवलं.

पोस्टर आमच्या टीममधल्या आदित्यने केलं होतं. मी सगळ्यांसमोर त्याच्यावर तुटून पडले. गरीब बाई दिसली की तिच्या तोंडी रडगाणं घालायचं, हा तुमचा रिसर्च का? उद्या ज्यूरीसमोर प्रोजेक्ट मांडायचाय म्हणून काहीही छापणार? अजूनही बरंच बोलले.

तो शांतपणे म्हणाला, "यार, ट्रान्सक्रिप्ट तूने ही लिखा है. रिकॉर्डिंग सुन ले."

ऐकते की! त्याला पुरावाच दाखवणार होते. हेडफोन लावले...

पहिल्याच मिनिटाला मी मावशीला 'तुम्ही' म्हणतेय. जन्मात कधी म्हटलं नव्हतं. मावशी हसते आणि सांगते, "पायालेच तं समजते पोरी, धान वाळलं का नाही. हाताले नाही समजत." यावर मी, पण चटके बसत असतील ना? "सवय हाय." मी पुन्हा, उन्हाळ्यात तरी बसतच असतील ना? मग मावशी हट्टी पोराची समजूत काढावी तशा आवाजात म्हणते, "हौ वं बाई, भाजते पाय. रोजच भाजते. लिही."

याला लीडिंग क्वेश्चन म्हणतात. उत्तर आधीच ठरवून विचारलेला प्रश्न. वर्गात याची व्याख्या सगळ्यांत आधी हात वर करून मीच सांगितली होती.

पुढचं ऐकल्यावर तर स्वतःलाच दोन ठेवून द्याव्यात असं वाटलं. मावशी म्हणत होती, "तरास म्हनशीन तं पान्याचा हाय..." आणि मी तिला मध्येच तोडून म्हणतेय, "पाण्याचं नंतर बोलू मावशी, आधी पायांचं सांगा." ते 'नंतर' काही आलं नाही. चाळीस मिनिटांत एकदाही नाही.

दुसऱ्या दिवशी ज्यूरीसमोर मी सांगून टाकलं की हे वाक्य मावशीचं नाही, मी तिच्याकडून वदवून घेतलंय. त्यातले एक सर म्हणाले, "ठीक आहे, पण प्रॉडक्ट छान झालंय." प्रॉडक्ट छान झालंय! कोणासाठी छान? आमच्या पोर्टफोलिओसाठी?

शनिवारी एकटीच वारासिवनीला गेले. फॉर्म नाही, रेकॉर्डिंग नाही. चपला काढल्या, मावशीच्या बाजूने धानात पाय ओढत चालू लागले आणि विचारलं, "पाण्याचं काय सांगत होतीस गं तेव्हा?"

"पानी पेतच नाही आमी इथं."

मिलमध्ये एकच संडास. त्याला बाहेरून कुलूप आणि चावी मुनीमजींकडे. ऑफिसात चार पुरुष बसलेले असताना जाऊन ती मागायची... बायका मागतच नाहीत. सकाळी घोटभर पाणी पिऊन निघतात ते पुन्हा संध्याकाळी घरी गेल्यावरच. या उन्हात! आणि आम्ही दोन महिने त्या दांड्याची ग्रिप घासत बसलो होतो.

मी तडक ऑफिसात गेले. मुनीमजींनी "जी मॅडम" म्हणत लगेच चावी काढून दिली. मला! तासाभरापूर्वी आलेल्या पोरीला!

तशीच मावशीकडे आले. म्हटलं, बाजारातून हिच्या डुप्लिकेट करून आणते, पाचहीजणींना एकेक. वाटलं, मावशी खूश होईल.

"चाबी कायले पायजे वं? बाहेरचं कुलूप काढा म्हना. अन् आतून कडी लावा, आतून कडीच नाही त्याले."

पुन्हा तेच केलं होतं मी. न विचारता उत्तर घेऊन हजर... मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी सुट्टी झाल्यावर पाचहीजणी मुनीमजींसमोर उभ्या राहिल्या. मीही होते, पण मागे आणि तोंड बंद ठेवून. ते म्हणाले, "सेठजी से पूछेंगे." एका कुलपासाठी सेठजी! मावशी म्हणाली, "पूछ लो. लेकिन सोमवार को ताला नहीं निकला, तो धान में पाँव कोई नहीं डालेगी."

सोमवारी कुलूप निघालं. कडी मात्र अजून नाही, ती या शनिवारी मीच घेऊन जातेय. काल फोन करून मावशीला विचारलं, किती उंचीवर लावायची?

"थांब, शांताले इचारते. आमच्यात सगळ्यात बुटकी तेच हाय."

हे मला सुचलंच नव्हतं... थँक्यू, मावशी.