ताईला बघायला आलेल्या मंडळींना हुलग्याचे शेंगोळे

ताईला बघायला पाहुणे मंगळवारी येणार होते. आले रविवारीच... शेवगावात आम्ही नुकतेच चर्चमधून घरी पोचलो होतो आणि दारात पाथर्डीची बैलगाडी! ओळखीची गाडी इकडे येत होती, म्हणून निघालो म्हणाले.

लढाईचे दिवस होते, मी दहा वर्षांची. ज्वारी रेशनवर, आणि आमचं रेशन मिळायचं सोमवारी. डब्यात जेमतेम दोन भाकरींचं पीठ आणि जेवणारी माणसं आठ. बाबा शाळामास्तर, त्यामुळे तंगी नेहमीचीच... पण पाहुण्यांसमोर नको होती.

आईने मला मागच्या दाराने इस्माईल चाचांकडे पाठवलं. ते टांगा चालवायचे, घोड्यासाठी हुलगे ठेवायचे. त्यांनी काही न विचारता माझ्या परकराचा ओचा भरला. "आईला सांग, घोडा आज कडबा खाईल."

आईने घाईघाईने जात्यावर हुलगे दळले. लसूण-मिरची घालून पिठाच्या बोटाएवढ्या वळ्या केल्या, झणझणीत रश्श्यात सोडल्या... झाले शेंगोळे. मला बजावलं, "कुठून आणलेस ते बोलायचं नाही हं." घाईत तिच्या वळ्या वाकड्यातिकड्या होत होत्या.

बाबांनी प्रार्थना म्हटली, सगळे जेवायला बसले. मुलाची आई करारी बाई, आल्यापासून फारशी बोलली नव्हती. दोन घास खाऊन तिने मलाच विचारलं, "पोरी, हुलगे लई चांगले हायेत. कुठं गावले गं?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "घोड्याचे आहेत!"

आईच्या हातातली पळी तशीच राहिली. ताईने मान खाली घातली. मला वाटलं, मोडलं लग्न, आणि माझ्यामुळे मोडलं.

ती बाई उठली, हात धुतला आणि सरळ चुलीपाशी जाऊन मांडी घालून बसली.

"मास्तरीणबाई, आमच्याकडं बी गेला महिनाभर हेच चाललंय. पर माझे रश्श्यात फुटत्यात. तुमी काय करता?"

आईने पळी खाली ठेवली. मग म्हणाली, "पीठ घट्ट भिजवा. आणि खळखळून उकळी आल्याशिवाय सोडू नका."

परातीत थोडं पीठ उरलं होतं. दोघींनी मिळून तेही वळलं. आईच्या वळ्या आता एकसारख्या येत होत्या...

निघताना बाई ताईला म्हणाली, "तुला येत्यात का गं असे?" दिवसभरात ताई पहिल्यांदा बोलली, "येतात." त्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं.

आज मी नव्वदी ओलांडलीय, हे नात टाईप करून देतेय. आईला धीर द्यायला त्या बाईने काही गोड शब्द वापरले नाहीत. फक्त आपल्याही घरातली ओढाताण चारचौघांत सांगून टाकली... मुलीला बघायला आलेल्या घरातलं कुणी असं करतं, हे मी त्यानंतर पुन्हा कधी पाहिलं नाही.