सोनाबाईच्या नावावरचा आठवडा

ओवे गावच्या कमळाकरला जमिनीच्या व्यवहारात कुणी फसवून दाखवावं! सातबारा हातात आला की त्याची नजर आधी इतर हक्कांच्या रकान्यात जायची. तिथं कर्जाचा बोजा नसला की जमीन मोकळी. पनवेलच्या तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान. निम्म्या गावाचे सातबारे तो तिथं बसून वाचून द्यायचा आणि चहा मात्र माझा प्यायचा.

२००९ साली नवीन पनवेलच्या एका साहेबांकडून त्यानं महाबळेश्वरच्या रिसॉर्टमधला आठवडा विकत घेतला. दरवर्षी सात दिवस एक खोली आपली, अशी तीस वर्षांची मेंबरशिप. साहेबांनी स्वतः घेतल्यावर चार वर्षांनी ती अर्ध्या किमतीत काढली. त्याच्या बायकोनं, सोनाबाईनं, उभ्या जन्मात माहेर सोडून कुठं मुक्काम केला नव्हता. म्हणून घर जसं तिच्या नावावर, तसा आठवडाही तिच्याच. कमळाकरनं सर्टिफिकेट उलटसुलट पाहिलं. बोजा कुठंच नव्हता.

"मोकला हाय," तो म्हणाला.

रिसॉर्टला फोन करून दरवर्षीचा मेंटेनन्स भरलाय का, एवढं विचारायचं या शहाण्याला सुचलं नाही. मलाही नाही, कबूल करतो.

तीन महिन्यांनी वकिलाची नोटीस आली. साहेबांनी तीन वर्षं मेंटेनन्स भरलाच नव्हता. ट्रान्सफरच्या फॉर्मवर बारीक अक्षरात लिहिलं होतं, मागची थकबाकी नव्या मेंबरची. खाली सोनाबाईची सही. व्याजासकट बेचाळीस हजार, महिन्याच्या आत, नाहीतर कोर्ट. मी वाचून दाखवलं आणि कमळाकरनं चहाचा कप बाजूला सारला.

"घर घेतील काय रं तिचा?"

"एवढ्यासाठी घर नाही घेत कुणी," मी म्हणालो. पण मला तरी काय ठाऊक?

त्याच्या बापाची जमीन नोटिशीनंच गेली होती. चावडीवर ती चिकटवली तेव्हा कमळाकर आठ वर्षांचा होता.

"ह्ये भरला का मिटला ना?"

"मागचं मिटलं. मेंटेनन्स दरवर्षी आहे. अजून सव्वीस वर्षं."

नोटीस त्यानं स्कूटरच्या डिकीत दडवली. पोस्टमन दिसला की हा आधी दारात. जेवताना कडी वाजली की घास तोंडात तसाच. सोनाबाईनं विचारलं तर म्हणायचा, दात दुखतो. तीन आठवड्यांत माणूस निम्मा झाला.

शेवटी त्यानं तो आठवडा विकायला काढला, आणि गिऱ्हाईक आलं ते सोनाबाईचा सख्खा भाऊ, शिरढोणचा बुधाजी. फॉर्म भरायला मला घरी बोलावलं. बुधाजीनं पैशांची पिशवी मांडीवर घेतली.

"दाजी, तुमी बगितला म्हंजे झाला. बोजा नाय ना?"

सोनाबाई चहा घेऊन दारात उभी होती. मी पेन धरून खाली बघत बसलो. हा आता 'नाय' म्हणणार आणि मी ते लिहिणार, याची मला भीती वाटली, खरंच वाटली. कमळाकर उठला, बाहेर गेला. डिकीचं झाकण वाजलं.

"हाय बोजा," परत येऊन तो म्हणाला. नोटिशीचं पाकीट त्यानं बुधाजीपुढं ठेवलं. "बेचालीस हजार. आनि दर वर्साला नवा."

बुधाजीच्या आधी सोनाबाईनं कागद उचलला. साक्षरतेच्या वर्गात ती सही करण्यापुरतंच शिकली होती. ओळींवरून तिचं बोट हळूहळू सरकलं आणि एका जागी थांबलं.

"ह्ये माजा नाव हाय." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "ह्याच्यापायी ह्ये जेवत नव्हतं?"

मी मान हलवली.

"दुसरा काय नाय ना? नुसतं पैसंच ना?"

"पैसेच, वहिनी."

ती भिंतीला टेकून खाली बसली आणि पदर तोंडावर घेऊन रडायला लागली.

"मना वाटला, ह्यांना क्यान्सर झालाय," ती म्हणाली.